आधी पत्रा बघा, मग डबा

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच ओळ होती : "ताई, गंजावर लावायला सगळ्यात चांगलं काय?" या ओळीला मी उत्तर देत नाही. गंज कुठे आहे, किती खोल आहे, पत्रा जाड की पातळ, त्यावर रंग दिसणार की चिखल उडणार, यातलं काहीच कळवायचं नाही आणि औषधाचं नाव तेवढं मागायचं, हे काही खरं नाही. म्हणून ज्यांनी आपल्या गाडीचा पत्रा नीट बघून लिहिलंय त्यांचीच पत्रं घेतली आहेत. कंपन्यांची नावंही देणार नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असते ती जाहिरात. आत कुठलं रसायन आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. चष्मा लावा आणि मागची बाजू वाचा.

प्रश्न : जुनी जीप पूर्ण सुटी करून ठेवली आहे. बॉनेट आणि मडगार्डवर वरवरचा तपकिरी गंज आहे. पायाखालच्या पत्र्याला बारीक खड्डे पडलेत, एका कोपऱ्यातून तर उजेड दिसतो. चासीला पापुद्रे आलेत. एक मित्र म्हणतो सगळीकडे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं रूपांतर करणारं रसायन, मार. दुसरा म्हणतो इपॉक्सी प्रायमरशिवाय कशाला हात लावू नकोस. तिसरा म्हणतो रेड ऑक्साइडचे दोन हात दे आणि मोकळा हो. कोणाचं ऐकू?

उत्तर : पहिल्या दोघांचं ऐका, पण एकेकाला जीपचा वेगळा भाग दाखवून. तिसऱ्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

ॲल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतं, पण ते घट्ट बसतं आणि आतल्या धातूला झाकून टाकतं. लोखंडाचं तसं होत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो, सुटतो, आणि त्याच्या फटींतून पाणी आणि हवा आतल्या ताज्या लोखंडापर्यंत पोचतच राहतात. मिठाचा अंश असेल तर विचारूच नका. अशा भुसभुशीत गंजावर तुम्ही कितीही महागाचा थर चढवा, तो गंजाला चिकटलेला असतो. पत्र्याला तो शिवलेलाही नसतो. पापुद्रा सुटला की त्याच्याबरोबर थरही गेला.

तेव्हा आधी लहान हातोडी आणि टोकदार पेचकस घ्या आणि सगळा सांगाडा वाजवत चला. धड पत्रा खणखणतो, सडलेला भद्द वाजतो. शंका आली तिथे पेचकस दाबा. आत गेला तर त्या जागी कोटिंगचा विषयच संपला. लोहचुंबकही फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे कोणीतरी पूर्वी पुट्टी भरून ठेवली आहे, आणि पुट्टीखाली काय दडवलंय ते उघडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॉनेट आणि मडगार्डसाठी दुसऱ्या मित्राचं ऐका. वरवरचा गंज पूर्ण निघू शकतो, मग तो ठेवायचा कशाला? ८० नंबरचा पेपर किंवा ग्राइंडरवर खरबरीत नायलॉनची चकती लावून चकाकता पत्रा दिसेपर्यंत काढा. तारेच्या ब्रशावर माझा फारसा विश्वास नाही. वरचा सुटा गंज उडवायला तो बरा, पण खड्ड्यातला गंज काढण्याऐवजी तो घासून चकचकीत करतो. वरून चांदीसारखा दिसणारा पत्रा, आणि तळाला गंज तसाच. घासून झालं की तेलकटपणा काढणारं सॉल्व्हंट एका फडक्याने लावा आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. नुसतं चोळत बसलात तर तेल इकडचं तिकडे होतं. त्यानंतर उघड्या पत्र्याला बोट लावायचं नाही. घामात मीठ असतं, आणि बोटाचे ठसे महिन्यांनी रंगाखालून वर आलेले मी पाहिले आहेत.

मग दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रेझिन आणि हार्डनर वेगवेगळ्या डब्यांत येतो तो. इपॉक्सीने गंज मरत नाही. पत्र्याला घट्ट धरणं आणि पाण्याला आत येऊ न देणं हे त्याचं काम, आणि त्या कामात त्याच्या तोडीचं फार काही नाही. मिसळल्यावर काही इपॉक्सी थोडा वेळ तसेच ठेवावे लागतात आणि ठरावीक वेळातच संपवावे लागतात. दोन्ही वेळा डब्यावर असतात. पुट्टी भरायची असेल तर ती या इपॉक्सीवर भरा, उघड्या पत्र्यावर नको. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते.

पायाखालच्या पत्र्याकडे येऊ. जिथून उजेड दिसतो तो कोपरा कापा, धड पत्रा लागेपर्यंत मागे जा आणि नवा तुकडा वेल्ड करा. फायबरची पट्टी चिकटवून वर काळा रंग मारणारे बरेच भेटतील. त्या पट्टीखाली ओल साठते आणि भोक मोठं होत जातं. उरलेल्या भागात मात्र खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके राहणारच, तिथे कुठलीही चकती पोचत नाही. ही पहिल्या मित्राची जागा.

रस्ट कन्व्हर्टरमध्ये सहसा टॅनिक ॲसिड किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, कधी दोन्ही. टॅनिक ॲसिड गंजाशी मिळून निळसर काळं फेरिक टॅनेट तयार करतं. पूर्वी टॅनिन आणि लोहाचा क्षार एकत्र करून काळी शाई बनवत, तिच्यातला काळा रंग हाच. फॉस्फोरिक ॲसिडने गंजाचं फॉस्फेट होतं. दोन्ही गोष्टी गंजापेक्षा पुष्कळच स्थिर असतात. पण कन्व्हर्टरला काम करायला गंज लागतो, आणि तोही पातळ. जाड पापुद्र्यावर ओतलात तर वरचा थर काळा होतो आणि खाली तपकिरी भुसा तसाच राहतो. चकाकत्या पत्र्यावर लावलात तर त्याला रूपांतर करायला काही मिळतच नाही. म्हणून सुटं सगळं खरवडा, खड्डे टोकदार हत्याराने उकरा, आणि उरलेल्या घट्ट गंजावरच पातळ हात द्या. 'सगळीकडे मार' हा सल्ला इथे चुकतो.

चासीचे पापुद्रे छिन्नीने आणि हातोडीने पाडा. सुयांची हवेवर चालणारी हातोडी मिळाली तर उत्तम. पापुद्रे पडल्यावर किती लोखंड उरलंय ते मोजा. कॅलिपरने धड जागेची जाडी घ्या आणि सडलेल्या जागेची घ्या. स्प्रिंगचे हँगर, स्टिअरिंगची पेटी बसते ती जागा, सीटबेल्टचे बोल्ट जिथे येतात ती जागा, इथे पातळपणा दिसला तर रंगाचा डबा बंद करा आणि चासीचं काम जाणणाऱ्या वेल्डरला बोलवा. धड भागावर काय लावायचं ते पुढच्या एका उत्तरात आहे.

आता तिसरा मित्र. रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड, गंजाचंच भावंड. त्या रंगद्रव्याने गंज थांबत नाही. पुलांना, जहाजांना पूर्वी जो शेंदरी प्रायमर लावत त्यात शिशाचं ऑक्साइड असायचं. ते गंज खरोखर रोखायचं, पण विषारी. दिसायला जवळपास सारखे असल्याने एकाची पुण्याई दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली असावी, असं माझं मत. डब्याच्या मागे झिंक फॉस्फेट लिहिलेलं असेल तर त्या रेड ऑक्साइडमध्ये थोडा दम आहे. नसेल तर तो साधा अल्कीड, म्हणजे तेलकट रेझिनचा, प्रायमर, आणि वर रंग न चढवता तसाच ठेवला तर ओल धरणारा. शिवाय त्यावर पुढे हार्डनरवाला रंग मारलात तर त्याचं तेज थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. लोखंडी फाटकाला लावा खुशाल. पूर्ण सुट्या केलेल्या जीपला नको.

प्रश्न : ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे, आजोबांची स्कूटर करतोय. बाजूच्या पत्र्याला फॉस्फोरिक ॲसिडचा कन्व्हर्टर लावला, मस्त काळा झाला. दुसऱ्या दिवशी त्यावर इपॉक्सी मारला. आता नख लावलं तरी सालीसारखा निघतोय. माल नकली होता का?

उत्तर : नकली असेलच असं नाही. निघालेली साल उलटी करून बघ. तिच्या पोटाला तपकिरी पूड चिकटून आली असेल तर खाली सुटा गंज राहिला होता. साल आतून स्वच्छ असेल आणि पत्र्यावर पांढरट, कधी चिकट थर दिसत असेल तर तो उरलेल्या ॲसिडचा आहे. माझा अंदाज या दुसऱ्या कारणाचा. तू 'मस्त काळा झाला' म्हणतोस त्या उत्साहात हात जाड दिला असणार.

ॲसिडला गंज जितका मिळतो तितकंच ते खर्ची पडतं, उरलेलं तिथेच वाळतं. इपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा, म्हणजे अल्कलीच्या बाजूचा. खाली ॲसिड उरलं की ते हार्डनरला खातं आणि पत्र्याला चिकटणारा पहिलाच थर नीट पिकत नाही. वरून कडक, खालून कच्चा. बरेच इपॉक्सीवाले आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहितात की खाली ॲसिडचा कन्व्हर्टर किंवा एच (etch) प्रायमर, म्हणजे ॲसिडने पत्रा किंचित खाऊन पकड घेणारा, नको. ते पत्रक डब्याबरोबर येत नाही, मागून घ्यावं लागतं. मागत जा.

आता हे कर. सैल झालेला सगळा इपॉक्सी काढ. वाळलेलं ॲसिड नुसत्या पाण्याने नीट सुटत नाही. त्याच कन्व्हर्टरचा पातळ हात पुन्हा देऊन ते ओलं कर आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धू. मात्र तुझ्या कन्व्हर्टरमध्ये लॅटेक्ससारखं पॉलिमर असेल तर हा मार्ग नाही. तो थर रबरासारखा बसतो, घासूनच काढावा लागतो. मागची बाजू वाच म्हणते ती यासाठीच. धुतल्यावर लगेच गरम हवेने वाळव, सांध्यांतलं पाणी हवेच्या दाबाने उडव. हलकी तपकिरी झाक आली तर घाबरू नकोस, बारीक पेपरने ती जाते. स्कूटरच्या बाजूच्या पत्र्यासारखा उघडा, सहज हाताला येणारा भाग असेल तर मी कन्व्हर्टर वापरलाच नसता. घासून चकाकता पत्रा आणला असता आणि थेट इपॉक्सी.

एच प्रायमरबद्दल तू विचारलं नाहीस, पण पुढच्या दुकानात कोणीतरी तो हातात ठेवेल. तोही ॲसिडवालाच, अगदी पातळ थराचा. स्वच्छ पत्र्यावर, विशेषतः ॲल्युमिनियमवर, त्याची पकड चांगली असते. पण तो एकट्याने पाणी अडवत नाही, वर दुसरा प्रायमर लागतोच, आणि त्याच्यावर पुट्टी भरायची नसते. एच आणि इपॉक्सी यातला एक निवडायचा. दोन्ही एकावर एक चढवले म्हणजे दुप्पट ताकद, असा हिशेब रंगात चालत नाही.

प्रश्न : 'थेट गंजावर लावा' असं लिहिलेलं एक काळं कोटिंग चासीसाठी घेतलंय. डब्यावर 'ओलाव्याने वाळणारं युरेथेन' असं आहे. ते खरंच इतकं चांगलं असतं का?

उत्तर : चासीसाठी चांगलं घेतलंत. बॉनेटवर मारायचा विचार असेल तर थांबा.

हे कोटिंग हवेतल्या पाण्याच्या वाफेशी रसायन जुळवून कडक होतं, म्हणून दमट दिवशी ते उलट लवकर वाळतं. वाळलं की दगडासारखं टणक, आणि खड्ड्यांत मुरून बसतं. त्याला खरबरीत जागा आवडते. घट्ट गंज, खड्डे, ब्लास्टिंग केलेलं, म्हणजे कणांच्या माऱ्याने साफ केलेलं लोखंड, यावर त्याची पकड जबरदस्त. गुळगुळीत, चकाकत्या पत्र्यावर मात्र ते मोठ्या तुकड्यात सोलून निघू शकतं. तिथे आधी फॉस्फेटचं द्रावण लावून किंवा पेपर मारून पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो. आणि 'थेट गंजावर' म्हणजे पापुद्र्यांवर असा अर्थ कोणी काढू नये. पापुद्रे, ग्रीस, जुना डांबरी थर, सगळं निघालंच पाहिजे.

हात पातळ द्या. पाण्याशी होणाऱ्या रसायनात कार्बन डायऑक्साइड सुटतो. थर जाड असेल तर तो वायू आत अडकतो आणि बुडबुडे धरतात. ब्रशाने दोन पातळ हात हे एका जाड हातापेक्षा केव्हाही बरे. दुसरा हात पहिला बोटाला किंचित चिकट लागत असतानाच द्यायचा. पूर्ण कडक झाल्यावर त्याच्यावर काहीच धरत नाही, मग आख्खी चासी पेपरने खरबरीत करत बसावं लागतं, आणि या कोटिंगला पेपर मारणं म्हणजे शिक्षा. उन्हात ते टिकत नाही, पांढुरकं पडतं. चासीचा पोटाकडचा भाग सावलीत असतो, तिथे चालून जातं. जिथे ऊन पोचतं तिथे वर दुसरा रंग हवाच.

डब्यात ब्रश बुडवू नका. लागेल तेवढं वाटीत काढा आणि डबा लगेच बंद करा. झाकणाच्या खाचेत थेंब राहिला तर झाकण कायमचं बसेल, म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद ठेवा. हातमोजे घाला. कातडीवर वाळलेलं हे कोटिंग कशानेही निघत नाही, कातडी गळेल तेव्हाच जातं.

आणि यात आयसोसायनेट असतं. हार्डनर घालून मारायच्या युरेथेन रंगांतही तेच असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे जराशा वासानेही दमा उसळू शकतो, आणि तो माणूस या धंद्यातून कायमचा बाद होतो. धुळीचा कापडी मास्क इथे काही कामाचा नाही. मोकळ्या हवेत ब्रशाने लावत असाल तर निदान सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावा. गनने फवारणार असाल तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर फवारणी करू नका, ब्रश उचला. चासीला ब्रशाचे पट्टे दिसले तर कोणाला काय त्रास?

प्रश्न : झिंकचा स्प्रे गंजावर मारला तर चालेल?

उत्तर : चालणार नाही. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, पण त्यासाठी त्याचा लोखंडाशी वीज वाहू शकेल असा थेट संपर्क हवा. मध्ये गंज आला की संपर्क तुटला. म्हणून झिंकचे प्रायमर साफ, ब्लास्टिंग केलेल्या लोखंडावरच. वाळलेल्या थरात वजनाने निदान ८० टक्के जस्ताची भुकटी असेल तो खरा झिंक-रिच. पुष्कळ स्प्रे नुसतेच राखाडी रंगाचे असतात. दोन पत्रे एकावर एक ठेवून वेल्ड करायचे असतील तर सांध्याच्या आत वेल्डिंगला चालणारा झिंक प्रायमर जरूर मारा, त्या फटीत पुन्हा कधी हात पोचणार नाही. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नका. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो तो त्यानेच.

प्रश्न : मोटारीचं बाहेरून सगळं काम झालं, रंगही उत्तम बसला. पण दारांच्या आत आणि दाराखालच्या पोकळ पेटीत गंज आहे हे मला माहीत आहे. तिथे काय ओतू? इपॉक्सी पातळ करून आत फिरवावं का?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण जुन्या गाड्या मरतात त्या इथून. लोक बाहेरचा रंग आरशासारखा करतात आणि गाडी आतून बाहेर सडत येते.

इपॉक्सी नको. आतला पत्रा घासता येत नाही, धूळ-तेल काढता येत नाही, तेव्हा कुठलाही कडक थर तिथे धरणार नाही. आणि मुख्य शत्रू सांध्यात असतो, जिथे दोन पत्रे एकमेकांवर दाबून स्पॉट वेल्ड केलेले असतात. त्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथेच राहतं. कडक रंग त्या फटीच्या तोंडावर पूल बांधतो, आत शिरत नाही. गाडी चालताना सांधा हलला की त्या पुलाला तडा जातो आणि पाण्याला वाट मिळते.

तिथे पोकळ्यांसाठीचं मेण हवं. पातळ द्रावणात येतं, फटीत रांगत जातं, द्रावण उडून गेलं की मऊ थर उरतो. मऊ राहणं हाच त्याचा गुण, तडा जात नाही आणि ओरखडा स्वतः भरून काढतो. आत राहिलेल्या गंजात ते मुरतं आणि हवा-पाण्याला अटकाव करतं. गंज पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही, पण वेग फार कमी होतो आणि काही वर्षांनी पुन्हा मारता येतं. लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, त्यावर बनवलेली द्रव्यंही याच कामाची आणि चांगली.

आधी पाणी निथळायची भोकं शोधा. दारांच्या तळाशी आणि पेटीच्या खाली ती असतातच, बहुधा मातीने बुजलेली. तारेने मोकळी करा, आतली माती पाण्याने धुऊन काढा. मग गाडी उन्हात, दारं उघडी ठेवून पूर्ण सुकू द्या. घाई करून ओल्या पेटीत मेण मारलंत तर पाणी आत कोंडाल. मेणासाठी लांब लवचिक नळी आणि चारही बाजूंना फवारणारं तोंड मिळतं. नळी शेवटपर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत बाहेर ओढायची. सांध्यातून, भोकांतून मेण ठिबकायला लागलं की समजा पोचलं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं पुन्हा तारेने मोकळी करा, नाहीतर मेणानेच बुजतील. काचेचे रूळ, सीटबेल्टची गुंडाळी आणि दारातल्या मोटरी झाकून घ्यायला विसरू नका.

एक क्रम मात्र मोडायचा नाही : वेल्डिंग आधी, रंग नंतर, मेण सगळ्यात शेवटी. मेणावर रंग धरत नाही, आणि मेण मारलेल्या पेटीवर वेल्डिंग केलं तर आतून पेट घेते.

प्रश्न : सगळी बॉडी सँडब्लास्टिंगला द्यावी का? काम पटकन होईल.

उत्तर : चासी, ॲक्सल, चाकाच्या रिम, जाड ब्रॅकेट खुशाल द्या. बॉनेट, छत, दारांचा बाहेरचा पत्रा देऊ नका. कणांच्या माऱ्याने पातळ पत्र्याचा वरचा थर ताणला जातो आणि पत्रा वाकतो. ते डेंटिंग मग आयुष्यभर पुरतं. तिथे रसायनाने रंग उतरवा आणि हाताने घासा. ज्याला काम द्याल तो खरी वाळू वापरत असेल तर त्याला सांगा की त्या धुळीने फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गार्नेट खनिजाचे किंवा धातूच्या भट्टीतल्या मळीचे (स्लॅगचे) कण वापरणारा शोधा.

ब्लास्टिंग केलेलं लोखंड फार हपापलेलं असतं, दमट हवेत काही तासांत तांबूस पडतं. म्हणून प्रायमर त्याच दिवशी. तेव्हा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअसने जास्त हवं आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा दवाचा थर असतो आणि आपण त्याच्यावर प्रायमर मारतो.

प्रश्न : खालून जुना डांबरी थर आहे, बहुतेक ठिकाणी घट्ट वाटतो. त्याच्यावरच नवा मारू?

उत्तर : घट्ट वाटतो तिथे हातोडी मारा. डांबर म्हातारं झालं की कडक होतं, चिरतं, आणि चिरेतून शिरलेलं पाणी त्याच्यामागे वर्षानुवर्षं बसून राहतं. बाहेरून ठणठणीत, मागे भुसा. गरम हवेने मऊ करून खरवडून काढा. नवा थर इपॉक्सीवर मारायचा, उघड्या पत्र्यावर नाही.

प्रश्न : मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीत आतून गंज आहे, कार्ब्युरेटर सारखा तुंबतो. सीलर, म्हणजे टाकीला आतून अस्तर देणारं द्रव्य, ओतून टाकू का?

उत्तर : प्रत्येक टाकीला सीलर लागत नाही. आत नुसता तांबूस थर असेल, भोक नसेल, तर टाकी साफ करून ती भरलेली ठेवणं हा सगळ्यात साधा इलाज. गंज बहुधा रिकाम्या भागात, वाफ गार होऊन पाणी सुटतं तिथे धरतो. सुईएवढी भोकं पडली असतील किंवा खड्डे खोल असतील तरच सीलर.

पेट्रोल काढल्यावर टाकी रिकामी झाली असं समजू नका. वाफ आत राहते, हवेपेक्षा जड असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त भयंकर स्फोट करते. साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा. इतकं धुऊनही मी तिच्याजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग आणू देत नाही. भोकाला वेल्डच करायचं असेल तर ते टाक्यांचंच काम करणाऱ्याकडे द्या.

आत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून हलवा म्हणजे पापुद्रे सुटतील. मग सायट्रिक ॲसिडचं पाण्यातलं द्रावण काठोकाठ भरून ठेवा आणि अधूनमधून डोकावत राहा. सायट्रिक ॲसिड फॉस्फोरिकपेक्षा सौम्य आहे, टाकीच्या बाहेरच्या रंगाला कमी धोका. व्हिनेगरही चालतं, पण फार वेळ लावतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र वर्कशॉपात आणूच नका. त्याच्या वाफेने आजूबाजूची धड हत्यारंही गंजतात. कुठल्याही ॲसिडमध्ये स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट बुडवू नका, हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात आणि पुढे अचानक तुटतात.

ॲसिड ओतून टाकलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून घ्या, नंतर साध्या पाण्याने, आणि लगेच वाळवा. सीलर लावायचा नसेल तर थोडं तेल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवा आणि पेट्रोल भरा. लावायचा असेल तर तेलाचा थेंबही नको. टाकी हाडासारखी कोरडी हवी, आणि सीलरच्या डब्यावर तो इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतो असं लिहिलेलं हवं. जुन्या जातीचे काही सीलर इथेनॉलने मऊ पडतात, सोलून निघतात, आणि ती सालं कार्ब्युरेटरमध्ये येऊन बसतात. म्हणजे गंज परवडला. ओतल्यावर टाकी हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जास्तीचा सीलर पूर्ण बाहेर काढा. तळाशी डबकं राहिलं तर ते आतून वाळत नाही. कॉक आधी काढून घ्या आणि त्या जागी टेफ्लॉन टेप गुंडाळलेला बोल्ट लावा. झाकणाजवळची हवेची नळीही बंद करून ठेवा, नाहीतर सीलर तिच्यात शिरून वाळेल आणि मग चालत्या गाडीला पेट्रोल का मिळत नाही, असं दुसरं पत्र तुम्हाला मला लिहावं लागेल.